काळ्या बिअरची पारख : वाचकांचे प्रश्न

ब्रूपबमधल्या (स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमधल्या) स्टाउटबद्दल, म्हणजे भाजलेल्या जवाच्या काळ्या बिअरबद्दल, आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : लोअर परळच्या एका ब्रूपबमध्ये स्टाउट मागवली. मित्र म्हणाला, करपट आणि आंबूस लागतेय. वेटर म्हणाला, "सर, स्टाउट अशीच असते." खरं कोणाचं? स्टाउट चाखताना नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं बघायचं?
– वाचक, अंधेरी

उत्तर : "स्टाउट अशीच असते" हे उत्तर मान्य करू नका. भाजलेल्या जवाचा कडवटपणा आणि शेवटी येणारी किंचित आंबट धार ड्राय स्टाउटमध्ये असतेच. राखेची चव, जीभ आवळणारा तुरटपणा आणि व्हिनेगरचा वास मात्र तिच्यात नसावा. अडचण अशी की गडद रंग आणि भाजका वास यांच्याआड दोष सहज दडतात. लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरमध्ये, पहिल्या घोटाला कळणारी चूक इथे अर्धा ग्लास संपला तरी ध्यानात येत नाही. म्हणून क्रम पाळावा लागतो.

सुरुवात ग्लासापासून. फ्रीजरमधला, बर्फाची साय धरलेला मग नको म्हणून आधीच सांगा. मुंबईच्या उकाड्यात तो बरा वाटतो, पण २-३ अंश सेल्सिअसला वास वर येत नाही, गोडवा दबतो आणि कडवट-तुरट तेवढं पुढे राहतं. ड्राय स्टाउट ८ ते १० अंशांना, आणि ८ टक्क्यांच्या वरची इम्पीरियल स्टाउट १२-१३ अंशांना चाखावी. थर्मामीटरची गरज नाही. थंड ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दहा-बारा मिनिटं थांबलात की पुरे.

ओतल्याबरोबर मात्र पहिला वास लगेच घ्या, कारण गंधकासारखे हलके वास अर्ध्या मिनिटात उडून जातात. एक लांब श्वास घेऊ नका, तीन छोटे हुंगे घ्या. नाक बधिर झाल्यासारखं वाटलं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगून परत या. कॉफी, कोको, भाजलेला पाव, काळा गूळ यांतलं काही आलं तर ठीक. लोणी, व्हिनेगर, ओला पुठ्ठा, सोया सॉस किंवा बँडेजसारखा दवाखान्याचा वास आला तर लिहून ठेवा. त्याच्यावर निकाल लगेच नको.

मग डोळे. ग्लासामागे मोबाइलचा टॉर्च धरा. बहुतेक स्टाउट कडेला डाळिंबी-लाल दिसतात आणि गढूळपणा तिथेच कळतो. फेस पांढराशुभ्र नसून फिकट तपकिरी असावा आणि घोटागणिक काचेवर जाळी सोडत खाली यावा. मिनिटभरात फेस नाहीसा झाला तर बिअरला दोष देण्याआधी काच तपासा. बिअरच्या पातळीखाली आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासावर तेलकट थर आहे. लिपस्टिक किंवा तळलेल्या चखण्याचे हात लागले तरी हेच होतं.

आता घोट. १५-२० मिलीलिटर तोंडात घेऊन जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. अर्धी चव या श्वासात असते. वाईनसारखी थुंकून पारख होत नाही. आधी गोडवा, मग भाजकेपणा, मग हॉप्सचा (बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा) कडूपणा आणि शेवटी काय उरतं, या ओळीनं पाहा. चांगल्या ड्राय स्टाउटचा शेवट कोरडा असतो, कॉफी रेंगाळते आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श आहे. जांभळं खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा ओढल्या जातात तसं झालं, तर दोष भाजण्यात नसून धान्य धुण्याच्या पायरीत आहे. त्याबद्दल पुढे एका प्रश्नात येतंच आहे.

आंबटपणाची फोड अशी करा. भाजक्या जवाचा आंबटपणा घोटाच्या शेवटी येतो आणि कॉफीला चिकटून असतो. जंतूंमुळे आलेला आंबटपणा नाकालाच कळतो, अंगानं बिअर पातळ लागते आणि बऱ्याचदा गॅसही जास्त असतो. पहिल्या तीन घोटांपर्यंत मसाला शेंगदाणे आणि चिली चिकन बाजूला ठेवा. पाणी आणि साध्या पावाचा तुकडा एवढंच हवं.

प्रश्न : आम्ही पाच जण मिळून चार-पाच ब्रूपबच्या स्टाउटची तुलना करायची म्हणतो. गुण कसे द्यायचे?
– वाचक, दादर

उत्तर : नवी पद्धत शोधू नका. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची ५० गुणांची पत्रिका जगभर वापरली जाते, तीच घ्या : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण परिणाम १०. ४५ आणि त्यावर अप्रतिम, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ बरी. त्याखाली काहीतरी बिघडलेलं असतं. रूपाला फक्त ३ गुण आहेत हे लक्षात ठेवा. काळ्याभोर रंगावर आणि दाट फेसावर भाळून आपण नकळत चवीचे गुण वाढवतो.

गुण देण्याआधी फळ्यावर पब काय म्हणतो ते वाचा. ड्राय आयरिश स्टाउट ३.८ ते ५ टक्के अल्कोहोलची, हलक्या अंगाची आणि कोरडी असायला हवी. स्वीट स्टाउट ४ ते ६ टक्के आणि गोडसर. इम्पीरियल ८ ते १२ टक्के, आणि तिच्यात मद्याची ऊब चालते. ड्राय म्हणून दिलेली बिअर गोड लागली तर ती कितीही आवडो, गुण कापायचे. याच ठिकाणी नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण ते आपली आवड मोजतात आणि बिअर काय व्हायला निघाली होती ते विसरतात.

एका बैठकीत एकाच पबच्या बिअर चाखता येतात, त्यामुळे तुलना कागदावरच होणार. प्रत्येक ठिकाणी ९०-१०० मिलीलिटरचा सॅम्पलर घ्या, दिवसाची वेळ शक्यतो तीच ठेवा आणि आधी आयपीए (भरपूर हॉप्सची कडू बिअर) पिऊन मग स्टाउटकडे वळू नका. सगळ्यांनी न बोलता लिहायचं. एकानं "लोणी" म्हटलं की बाकीच्या चौघांना लोणीच येतं. गुणांत ७ पेक्षा जास्त फरक पडला तर त्या दोघांनी पुन्हा चाखून बोलावं. सरासरी काढून वाद मिटवू नये.

प्रश्न : स्टाउट काळी असते म्हणजे जास्त चढते का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. रंग येतो तो एकूण धान्यातल्या जेमतेम दहा टक्के भाजक्या जवामुळे. गिनीज ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची आहे आणि आपल्याकडची पिवळीधमक स्ट्राँग लागर ८ टक्क्यांपर्यंत जाते. अल्कोहोलचा आकडा फळ्यावरच वाचा. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, बिअर कोणत्याही रंगाची असो.

प्रश्न : मी नवी मुंबईतल्या एका मायक्रोब्रूवरीत नव्यानं लागलो आहे. आमचं व्हीट आणि पिल्स्नर छान होतं, पण स्टाउट दर वेळी राखेसारखी, बोचरी आणि आंबूस होते. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) बदलून पाहिलं, फरक नाही. कुठे बघू?
– वाचक, वाशी

उत्तर : पाण्याकडे, आणि फिकट बिअरच्या सवयीकडे.

भाजकं धान्य स्वतः आम्लधर्मी असतं. तलावांचं पावसाळी पाणी किंवा आरओचं पाणी मृदू असतं. ते आम्ल सावरायला त्यात बायकार्बोनेट फारसं नसतं. व्हीट आणि पिल्स्नरच्या मॅशला (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड धान्याला) आपण लॅक्टिक ॲसिड आणि कॅल्शियमचे क्षार घालतो आणि ते बरोबरच आहे. तीच मात्रा हाताच्या सवयीनं स्टाउटच्या मॅशमध्ये गेली की पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.१ किंवा त्याखाली उतरतो. कॉफी मागे पडते आणि बोचरेपणा पुढे येतो. माल्ट कितीही बदला, हे सुटणार नाही.

स्टाउटच्या मॅशचा पीएच ५.४ ते ५.६ ठेवा. मोजताना नमुना २५ अंशांपर्यंत थंड करा. मॅशच्या तापमानाला तोच नमुना साधारण ०.३ नं कमी असतो, आणि मीटरवरचं तापमान-दुरुस्तीचं बटण फक्त इलेक्ट्रोड सावरतं, हा फरक भरून काढत नाही. स्टाउटला लॅक्टिक ॲसिड घालूच नका. तरीही पीएच खाली असेल तर खाण्याचा सोडा वापरा : ९० किलो धान्याच्या मॅशमध्ये २५-३० ग्रॅम सोड्यानं पीएच अंदाजे ०.१ चढतो. एकदम घालू नका. थोडा घाला, ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. जास्त झाला तर सोडियमची खारट, साबणासारखी चव येते.

५०० लिटरच्या बॅचसाठी ताडून पाहायला एक साधं प्रमाण देतो. पेल माल्ट ६३ किलो, फ्लेक्ड बार्ली (जवाचे पोहे) १८ किलो, रोस्टेड बार्ली (भाजका जव) ९ किलो. ८० टक्के कार्यक्षमता धरली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (रसाची घनता, जिच्यावरून त्यातली साखर कळते) १.०४२ च्या आसपास येईल. कडूपणासाठी १२ टक्के अल्फा ॲसिडचे (कडूपणा देणाऱ्या घटकाचे) हॉप्स सुमारे ६०० ग्रॅम, ६० मिनिटं उकळून. उशिरा घालायचे सुगंधी हॉप्स या बिअरला नकोत. रोस्टेड बार्ली १२ किलोपर्यंत नेण्याचा मोह होतो, कारण रंग आणखी काळा होतो. रंग ९ किलोलाही पुरेसा असतो. वाढतो तो करपटपणा.

तरीही बोचरेपणा राहिला तर दोन उपाय आहेत. पहिला, रोस्टेड बार्ली सुरुवातीला न घालता मॅशच्या शेवटच्या १५ मिनिटांत वरून पसरायची. दुसरा उपाय अधिक कष्टाचा पण अधिक मऊ चव देणारा आहे : ती जाडसर भरडून, किलोला ३ लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवायची आणि गाळलेला अर्क उकळीच्या शेवटी घालायचा. हे भिजवणं कोल्ड रूममध्येच करा. मुंबईच्या हवेत बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत ते आंबायला लागलेलं असेल.

तुरटपणा वेगळा. तो टरफलांतल्या टॅनिनचा. स्पार्जचं, म्हणजे धान्य धुण्याचं, पाणी ७७ अंशांच्या वर गेलं, किंवा शेवटी शेवटी पातळ रस ओढताना पीएच ५.८ च्या वर चढला, की टॅनिन सुटतं. म्हणजे मॅशमध्ये पीएच फार खाली आणि स्पार्जच्या शेवटी फार वर, अशा दोन्ही चुका एकाच बॅचमध्ये होऊ शकतात. बाहेर येणाऱ्या रसाची ग्रॅव्हिटी १.०१० ला आली की थांबा. केटलमध्ये थोडं कमी पडलं तर साधं पाणी घाला. भाजकं धान्य ठिसूळ असतं, पेल माल्टच्याच रोलर-फटीतून काढलं तर पीठ होतं, राख-चव वाढते आणि गाळणीही तुंबते. ते वेगळं, जाडसर काढा.

आणि नळाचं पाणी थेट वापरत असाल तर आधी कार्बन फिल्टर. क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल एकत्र आले की बँडेजचा वास तयार होतो. तो अब्जांशाच्या प्रमाणातही नाकाला कळतो आणि कितीही मुरवलं तरी जात नाही.

प्रश्न : त्याच पबमध्ये साधी स्टाउट आणि नायट्रो स्टाउट वेगळ्या लागल्या. ब्रूअर म्हणतो, टाकी एकच आहे. शक्य आहे का?
– वाचक, गोरेगाव

उत्तर : पूर्णपणे शक्य आहे. नायट्रो म्हणजे नायट्रोजन मिसळलेल्या वायूवर दिलेली तीच बिअर. कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळून कार्बोनिक आम्ल बनतं, त्यामुळे जिभेला टोचणी लागते. नायट्रोजन जवळजवळ विरघळतच नाही. नायट्रोसाठी बिअरमधला कार्बन डायऑक्साइड १.२ व्हॉल्यूमच्या (बिअरच्या आकारमानाच्या १.२ पट वायूच्या) आसपास ठेवतात, साध्या टॅपला तो २.४ ते २.६ असतो. केगला (बिअरच्या पिंपाला) ७०-७५ टक्के नायट्रोजन आणि बाकी कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण ३०-३५ पीएसआय दाबानं देतात आणि नळाच्या तोंडात बारीक भोकांची चकती असते. तिच्यातून जाताना नायट्रोजन सुटतो आणि सायीसारखा फेस बनतो. गिनीजनं १९५९ मध्ये ही पद्धत बाजारात आणली.

परिणाम असा की तीच बिअर नायट्रोवर जास्त गोड, मऊ आणि कमी वासाची वाटते. फेसाची जाड टोपी वास अडवते. म्हणून पारखायची असेल तर साध्या टॅपवरची मागा. नायट्रो दोष झाकते, हे ब्रूअरलाही ठाऊक असतं. पिण्याच्या आनंदासाठी नायट्रो खुशाल घ्या.

ओतणं नीट पाहा. ग्लास ४५ अंशांत तिरका, तीन-चतुर्थांश भरायचा, दोन मिनिटं स्थिरावू द्यायचा, मग वरचा भाग भरायचा. काचेला लागून बुडबुडे खाली जाताना दिसतात तो भ्रम नाही. मधल्या भागात बुडबुडे बिअरला वर नेतात, तीच बिअर कडेनं खाली येते आणि बारीक बुडबुडे तिच्याबरोबर ओढले जातात. ग्लासभर फेसच आला तर बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त झालाय. फेस आलाच नाही तर मिश्रणाचा सिलिंडर संपत आलाय.

प्रश्न : स्टाउटला पॉपकॉर्नच्या लोण्यासारखा वास येत होता. मला तो आवडला. तो दोष आहे का?
– वाचक, ठाणे

उत्तर : आहे. तो डायअसिटिल. आंबवणीत यीस्ट त्याचा पूर्वपदार्थ बाहेर टाकतं, त्याचं डायअसिटिल होतं, आणि दोन-तीन दिवस ऊब मिळाली तर यीस्टच ते परत शोषून घेतं. टाकी मोकळी करायच्या घाईत बिअर लवकर थंड केली की ते तसंच राहतं. स्टाउटमध्ये कॅरॅमल आणि चॉकलेटच्या वासात ते मिसळून जातं, म्हणून जिभेवर तेलकट निसरडेपणा आहे का ते पाहा. तो असेल तर संशय उरत नाही.

ब्रूवरीत याची सोपी चाचणी आहे. दोन नमुने घ्या, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, थंड करा आणि दोन्ही हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर टाकी अजून १८-२० अंशांना ठेवायची.

पबमध्ये बसून कारण शोधायचं तर दुसऱ्या टॅपची बिअर मागवा. लोणी फक्त स्टाउटमध्ये असेल तर चूक बहुधा टाकीत झाली. दोन-तीन बिअरमध्ये लोणी आणि आंबूसपणा दोन्ही असतील तर नळ्यांत जंतू वाढलेत. नळ्या दर १४ दिवसांनी कॉस्टिकनं (तीव्र अल्कलीनं) धुवायच्या आणि नळ सोडवून घासायचे, हा नियम आहे. स्टाउट कमी खपते, तिची नळी दिवसचे दिवस उभी राहते, म्हणून तिथे आधी बिघडतं. सोमवार-मंगळवारचा पहिलाच ग्लास तुमच्या वाट्याला आला असेल तर दुसरा मागून पाहा.

प्रश्न : दूध पचत नाही. मिल्क स्टाउट चालेल का?
– वाचक, मुलुंड

उत्तर : तिच्यात खरोखर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालतात. यीस्टला ते खाता येत नाही, म्हणून गोडवा राहतो. नेहमीचं प्रमाण २० लिटरला २५० ते ५०० ग्रॅम, म्हणजे ३०० मिलीलिटरच्या ग्लासात सुमारे ४ ते ७ ग्रॅम. ८० ते १५० मिलीलिटर दुधात तेवढंच असतं. एवढ्यानं त्रास होत असेल तर टाळा. ओटमील स्टाउटचा मऊपणा ओट्सचा असतो, पण कधी त्यातही लॅक्टोज घालतात, म्हणून विचारून घ्या.

प्रश्न : स्टाउटबरोबर खायला काय?
– वाचक, गिरगाव

उत्तर : आयर्लंडमध्ये ड्राय स्टाउटबरोबर कालवं खायची जुनी रीत आहे. आपल्याकडे ताजी कालवं मिळाली तर नुसत्या लिंबावर, मसाल्याविना करून पाहा. तिखट रस्सा किंवा ठेचा ड्राय स्टाउटबरोबर नको, मिरचीनं कडूपणा दुप्पट वाटतो. तिखट हवंच असेल तर स्वीट स्टाउट घ्या.

प्रश्न : ग्राउलरमध्ये (पबमधून बिअर भरून न्यायच्या बाटलीत) स्टाउट घरी नेली, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासारखी लागली. पबला सांगावं का, आणि कसं?
– वाचक, बोरिवली

उत्तर : हा ऑक्सिजनचा परिणाम आहे, आणि तो पबच्या हातूनही होतो, आपल्या हातूनही. भरणाऱ्यानं बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा, नळी तळापर्यंत घालून भरायला हवं आणि मानेपर्यंत भरून लगेच बूच लावायला हवं. टॅपखाली धरून वरून धबाधबा ओतली तर त्याच क्षणी हवा मिसळते. हे काउंटरवर उभं राहून पाहता येतं. आपल्या बाजूनं : बर्फाच्या पिशवीतून न्या, ४ अंशांना ठेवा, दोन दिवसांत संपवा, आणि एकदा उघडली की त्याच संध्याकाळी. नायट्रो स्टाउट ग्राउलरमध्ये नेऊ नका, घरी पोचेपर्यंत ती मरते.

पबला जरूर सांगा, पण "बिअर खराब आहे" एवढं सांगून ब्रूअरला काही कळत नाही. कोणत्या टॅपची, किती वाजता, पहिला ग्लास की नंतरचा, वासात काय आणि जिभेवर काय, दुसऱ्या बिअरमध्येही तेच होतं का, एवढं सांगा. शक्य असेल तर ग्लासात दोन घोट ठेवून ब्रूअरलाच चाखायला द्या. ग्राउलरच्या बाबतीत भरल्याची तारीख आणि उघडल्याची वेळ सांगा. चांगला ब्रूअर तेवढ्यावरून टाकी बघायची, नळी बघायची की भरणाऱ्याला पुन्हा शिकवायचं, हे ठरवतो.